‘शीतज्वालामुखी’ म्हणावे का?

जळगाव : शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर शाळेसाठी भित्तिपत्रक करायचे आहे. तिथे जमिनीतून पाणी आणि बर्फ उडतो, त्याला कुठे ‘शीतज्वालामुखी’ छापलेले दिसते, कुठे ‘हिमज्वालामुखी’. थंड ज्वाला कशी असेल, असे मुलांनी विचारले तर काय सांगावे?

धुळे : भाऊ, शंका रास्त आहे. खरी ज्वाला कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या देवळात. तिथे खडकातून निघणारा वायू जळतो. लाव्हा मात्र जळत नाही, तापलेला दगड लाल दिसतो एवढेच. आणि ‘मुख’ तरी कुठे हवे असते? धुळे-नंदुरबारच्या माळावर काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीच्या भेगांत शिरला आणि तिथेच थिजला, त्याच या भिंती. दख्खनचा लाव्हा मुख्यतः भेगांतूनच पसरला, शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून नव्हे. एन्सेलॅडसवरही दक्षिण ध्रुवापाशी सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या चार भेगाच आहेत.

चोपडा : मग ‘झरा’ का नको? आपल्याकडे उनपदेव आहेच.

धुळे : नको. उनपदेवाचे पाणी ऊन असते आणि ते वाहते. एन्सेलॅडसवर बर्फाखालचे खारट पाणी भेगेतून बाहेरच्या निर्वात अवकाशात सुटते. वाफ आणि बर्फाचे कण शेकडो किलोमीटर वर जातात, त्यांतूनच शनीभोवतीचे ‘ई’ नावाचे कडे भरत राहते. कॅसिनी यानाने २००५ मध्ये हे पाहिले. याला ‘फवारा’च म्हणावे.

नंदुरबार : गुरूच्या आयो या चंद्रासाठी मात्र ‘ज्वालामुखी’ राहू द्या. तिथे खरोखरच वितळलेला खडक बाहेर येतो आणि शब्दही रुळलेला आहे. खटकतो तो ‘भरतीजन्य उष्णता’ हा शब्द. भरती म्हटली की पाणी आठवते, आयोवर ते नाही.

धुळे : दादा, ‘ओढाताणीची उष्णता’ म्हणा. आयोच्या चार फेऱ्यांत गुरूच्याच युरोपा या चंद्राच्या दोन आणि गॅनिमीड या चंद्राची एक होते. त्यांच्या ठरावीक ओढीमुळे आयोची कक्षा वर्तुळाकार होऊच शकत नाही. गुरूचे अंतर कमीजास्त होत राहते, तसा खडक फुगतो आणि बसतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकते तिथे तापते, तसेच हे. हे गणित मार्च १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ यानाने घेतलेल्या छायाचित्रात नासाच्या अभियंत्या लिंडा मोराबिटो यांना आयोवरचा फवारा दिसला.

जळगाव : मग भित्तिपत्रकावर काय लिहू?

धुळे : ‘एन्सेलॅडसवरील बर्फाळ उद्रेक’. खाली बारीक अक्षरात ‘भेगांतून उडणारे पाण्याचे फवारे’. ‘हिमज्वालामुखी’ कंसात ठेवा, पुढे पुस्तकात मुलांना तोच भेटेल.