जिल्हा परिषद हायस्कूलवाले, या इकडे!

कापूसकोंड्या: पुतण्याच्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या दाखल-खारीजची (शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदीची) नक्कल हवी होती, म्हणून परवा आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत गेलो. बाबूंनी कपाटातून काढलेल्या रजिस्टरवर जनपद सभेचा शिक्का! जिल्हा परिषदा 1962 च्या, त्याआधी आपल्या विदर्भात शाळा जनपदच्या हे ऐकून होतो, पाहिलं आता. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ओळीनं शेतीकाम, शेतीकाम, शेतीकाम. मुलींपुढे ‘लग्न’. आजोबांपुढे ‘सतत गैरहजर, नाव कमी’. घरी तर सांगायचे की हुशार होतो पण पैसे नव्हते 😄

पुण्या-साताऱ्याकडच्या मित्रांना जि.प.चं हायस्कूल म्हटलं की नवल वाटतं, तिकडे बहुतेक संस्थांची. आपल्याकडे अन् मराठवाड्यात गावोगाव आहेत. सांगा आपापल्या शाळेचं.

टिनाचा वर्ग: आपली शाळा उघडे 26 जूनला!! बाकी महाराष्ट्र जूनच्या मध्यात शाळेत अन् आपण घरी आंबे चोखत. कोल्हापूरचा मामेभाऊ लय जळे. एप्रिलातली सकाळची शाळा मात्र त्यानं पाहिली नाही. साडेदहालाच टिन असं तापे की भूगोलाचे सरच म्हणत, चला बे, निंबाखाली.

मूर्तिजापूर पॅसेंजर: आम्ही शकुंतलेनं, म्हणजे आमच्या नॅरोगेज गाडीनं, शाळेत. 1994 पर्यंत वाफेचंच इंजिन होतं. इंजिन पाणी प्यायला थांबलं की पोट्टे उतरून बोरं तोडून परत डब्यात. उशीर झाला की एकच उत्तर, गाडी लेट. हेडमास्तर काय बोलणार, शिटी त्यायलेही ऐकू येई.

टिनाचा वर्ग: आमच्याकडे ना गाडी ना बहाणा. दोन्ही पायी.

वैदर्भी: दिवाळीनंतर आमच्या नववीचे मागचे बाक रिकामे. वेचणी. किलोमागे पैसे मिळत, आई म्हणे तुझ्या वह्या यातूनच घे. बोंडाच्या टोकांनी नखांजवळ चिरा पडत, मग शाळेत पेन धरला की चरचर. मराठीच्या बाई हजेरी घेताना वेचणीला गेलेल्यांची नावं गाळून पुढं जात. लाल शेरा नाही, काही नाही. परीक्षेच्या आधी मात्र त्याच घरी येत, ओट्यावर बसून आईशी कापसाच्या भावाचं बोलत अन् जाता जाता म्हणत, सोमवारी पाठवा हो हिला. बाकी भाव मिळाला का कधी, हे विचारू नका.

कापूसकोंड्या: बाईंना साष्टांग.

खंजिरीवाला: सामुदायिक प्रार्थना कोणाकोणाच्या शाळेत होती? आमच्याकडे तुकडोजी महाराजांचं भजन रोज. खंजिरी माझ्याकडे, म्हणून पहिल्या तासाला उशिरा गेलो तरी माफ. गणित तेव्हाच बुडालं.

निळी बस: मी तुमच्या बरीच नंतरची. सरकारच्या मानव विकास मिशनची निळी बस, फक्त मुलींसाठी. भाऊ त्याच थांब्यावर उभा राहून कंडक्टरला काका काका करे. एकदाही चढू दिलं नाही 😂 मग तो माझीच मानव विकासची सायकल घेऊन जाई, अन् चेन पडली की मी ओरडा खाई.

टिनाचा वर्ग: सायकली पोरींलेच, बसा पोरींलेच, पोट्ट्यायनं काय गुन्हा केला ना बाप्पा

वैदर्भी: वरचा रकाना वाचा दादा. ‘लग्न’ लिहिलंय.

टिनाचा वर्ग: हे बराबर आहे ताई. माघार.

आलुबोंडा: गेटसमोर रस्सा टाकून आलुबोंडा मिळे, तो आठवून भूक लागली. एवढंच लिहायला आलो.

शेतकरी बाप: कापूसकोंड्या भाऊ, नक्कल किती दिवसात भेटली? पोरीचं पॉलिटेक्निकचं अडून बसलं आहे.

कापूसकोंड्या: अर्ज दिला, दोन दिवसांनी दिली. ओबीसी असाल तर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, वडील किंवा आजोबांचा. त्यांच्या पहिलीच्या शाळेत जा. आडनाव जुन्या नोंदीत वेगळं लागलं तर घाबरू नका, आमचं गावाच्या नावानं होतं.

शेतकरी बाप: उद्याच जातो. शाळा दुपारची आहे न आता?

आलुबोंडा: शनिवार आहे उद्या, सकाळची.