बीटीआरएफएस: जुने स्नॅपशॉट काढणाऱ्या स्क्रिप्टने नवेही काढले, मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या लिनक्स फाइल सर्व्हरवर बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली असून सुमारे 30 जण सांबाच्या (सर्व्हरवरचे फोल्डर विंडोज यंत्रांनाही वापरू देणारे सॉफ्टवेअर) सामायिक फोल्डरमध्ये काम करतात. चुकून पुसलेली फाइल लगेच परत मिळावी, यासाठी मी दर तासाला सबव्हॉल्यूमचा (फाइल प्रणालीतील स्वतंत्र भागाचा) केवळ वाचता येणारा स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत) घेणारी स्क्रिप्ट सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या टायमरवर लावली आहे. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनऐवजी टायमर घेतला, कारण 'पर्सिस्टंट' पर्यायामुळे सर्व्हर बंद असताना चुकलेली वेळ तो सुरू होताच भरून निघते.

रोज रात्री दुसरी स्क्रिप्ट 'फाइंड' या शोधण्याच्या आज्ञेला 'एमटाइम +14' (एमटाइम म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ) देऊन जुने स्नॅपशॉट शोधते आणि 'सबव्हॉल्यूम डिलीट'ने काढते. पहिले दोन आठवडे सारे सुरळीत होते. परवा रात्री मात्र तिने एकूण एक स्नॅपशॉट काढले, त्याच संध्याकाळी सातला घेतलेलाही. काल एका सहकारी बाईंना आदल्या दिवशीची हिशेबाची फाइल हवी होती. ती मिळाली नाही आणि त्यांना दिवसभराचे काम पुन्हा करावे लागले, याची मला फार खंत आहे. ती स्क्रिप्ट आता बंद ठेवली आहे. घड्याळ बरोबर आहे, लॉगमध्ये त्रुटी नाही, पण तारखांसह यादी दाखवणारी 'एलएस -एल' आज्ञा दिल्यावर आज घेतलेल्या सर्व स्नॅपशॉटपुढे 17 दिवसांपूर्वीची एकच तारीख दिसते. ती कुठून येते, आणि स्नॅपशॉटचे वय खात्रीने कसे ठरवावे?

उत्तर:
ती तारीख मूळ सबव्हॉल्यूमच्या सर्वांत वरच्या डिरेक्टरीची आहे. स्नॅपशॉट घेताना त्या डिरेक्टरीचा एमटाइमही जसाच्या तसा येतो. आतल्या फोल्डरांत कितीही फाइली बदलल्या तरी तो हलत नाही. अगदी वरच्या पातळीवर काही नवे आले, पुसले गेले किंवा त्याचे नाव बदलले, तरच बदलतो. म्हणून वय एमटाइमवरून कधीही ठरवू नये. स्नॅपशॉटच्या नावातच वर्ष, महिना, दिवस, तास या क्रमाने यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहा आणि नावांचीच तुलना करा. पडताळणीसाठी 'सबव्हॉल्यूम शो' निर्मितीची खरी वेळ दाखवते. शिवाय वय काहीही निघो, शेवटचे 24 स्नॅपशॉट काढायचेच नाहीत, अशी अट स्क्रिप्टमध्ये घाला. नावाचा तोच साचा सांबाच्या 'शॅडो कॉपी 2' मॉड्यूलला सांगितला, तर विंडोज वापरणाऱ्यांना 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून आपली फाइल स्वतःच परत घेता येते. स्नॅपर हे स्नॅपशॉट सांभाळणारे साधन वापरल्यास मात्र त्याची फोल्डररचना वेगळी असल्याने सांबाचे 'स्नॅपर' मॉड्यूल लावावे. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, तेव्हा बीटीआरएफएसच्या 'सेंड' व 'रिसीव्ह' आज्ञांनी दुसऱ्या यंत्रावर प्रत नक्की पाठवत जा.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. बरोबर 17 दिवसांपूर्वी मी वरच्या पातळीवर एका नव्या विभागाचा फोल्डर केला होता. त्यानंतर तिथे कोणीही हात लावलेला नाही. नावांवरून तुलना करणारी स्क्रिप्ट लिहिली असून सध्या ती काहीही न काढता फक्त यादी छापते. आठवडाभर ती यादी रोज तपासून मगच डिलीटची ओळ चालू करीन.