फोटो ‘फुटला’ की ‘खरखरला’?

खानापूर :
कमी उजेडातल्या फोटोत ठिपके येतात, त्या ‘नॉईज’ला मराठीत काय लिहायचं? दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरची (आतल्या उजेड टिपणाऱ्या चकतीची) तुलना लिहायला बसलोय आणि इथंच अडलोय. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाजवळ आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून, एकाच ॲपर्चर-शटरला (उजेड आत सोडणारं भोक आणि वेळ सारखीच), आयएसओ (फोटो उजळ करायचं सेटिंग) ६४०० वर फोटो काढले. माझा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे मोठा; मित्राचा मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान. त्याच्या फोटोत काळोखात रंगीत ठिपकेच ठिपके. आमच्याकडं याला सरसकट ‘फोटो फुटला’ म्हणतात.

शहापूर, बेळगाव :
‘फुटला’ नको ओ. व्हॉट्सॲपवरचा फोटो बॅनरला दिला की तो फुटतो, कारण तिथं पिक्सेलच कमी. तुमच्या मित्राकडं पिक्सेल भरपूर, उजेड कमी. दोन दुखण्यांना एकच नाव दिलं की माणूस जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतो आणि दुखणं तसंच राहतं. स्टुडिओत हे मी रोज बघतो. मी ‘खरखर’ म्हणतो. रेडिओला स्टेशन नीट लागलं नाही की येते ती. आयएसओ वाढवून सेन्सरवरचा उजेड वाढत नाही, आलेला संकेतच फुगवला जातो, खरखरीसकट. म्हणून आयएसओला ‘संवेदनशीलता’ म्हणणंही मला पटत नाही.

निपाणी :
‘रवाळ’ का नको? ठिपके दिसतात तसेच.

शहापूर, बेळगाव :
रवाळ हे कौतुक झालं की! कुंदा रवाळ, तूप रवाळ. तो शब्द जुन्या कृष्णधवल फिल्मसाठी राखूया, तिथं खरोखर चांदीचे कण असतात. ‘गोंगाट’ मात्र कुणीच लिहू नये, त्यात माणसांचा कलकलाट ऐकू येतो. (आमचा कन्नड सहकारी नॉईजला ‘शब्द’ म्हणाला, तेव्हा मी क्षणभर चक्रावलो. बोली कन्नडात शब्द म्हणजे आवाज!)

खानापूर :
‘खरखर’ घेतो. वाक्य असं केलंय : ‘३६ बाय २४ मिमीचा फुल फ्रेम सेन्सर १७.३ बाय १३ मिमीच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरच्या जवळजवळ चौपट मोठा. उजेड चौपट पडला की खरखर साधारण निम्मी दिसते, कारण ती उजेडाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढते, म्हणजे उजेड चौपट झाला तरी ती दुप्पटच होते.’

शहापूर, बेळगाव :
बरोबर. फक्त ‘दोन्ही फोटो एकाच आकारात छापून बघितले तर’ एवढं घाला. नाहीतर लोक स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून भांडतात.

निपाणी :
आणि डायनॅमिक रेंजला?

खानापूर :
‘आवाका’ लिहिलंय. दिव्यांची झगमग आणि मूर्तीमागचा काळोख, दोन्ही एका फोटोत किती मावतं ते.