डिस्क गेली, कोपरा मोकळा झाला
दादा, एसएसडीमुळे (हार्ड डिस्कच्या जागी आलेलं, चिपांवर माहिती साठवणारं स्टोरेज) लॅपटॉप नुसते पातळ होत जातील असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, मोठा बदल आतल्या मांडणीत आहे.

जळगावात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. जुनं मशीन उघडलं की अडीच इंची हार्ड डिस्क अख्खा कोपरा अडवून बसलेली दिसते. 7 किंवा 9.5 मिमी जाड, भोवती पत्र्याची चौकट, वर रबराच्या गाद्या. एम डॉट टू या छोट्या आकाराची एसएसडी म्हणजे 22 मिमी रुंद आणि बहुतेकदा 80 मिमी लांब अशी नुसती पट्टी. फिरणारी तबकडीच नाही, म्हणून हादऱ्याची भीती नाही. एसटीत चालू लॅपटॉप मांडीवर घेऊन येणाऱ्या पोरांच्या किती डिस्क मी बदलल्यात! तो मोकळा कोपरा आता बॅटरीला देता येतो, आणि गावाकडे वीज गेली की त्याचं मोल कळतं.

उष्णतेचं मात्र विसरू नका. एनव्हीएमई या वेगवान जोडणीची एसएसडी फार तापली की स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, तिथे पंखा नसलेलं चपटं मशीन धापा टाकणारच.

माझी धास्ती वेगळीच आहे. काही लॅपटॉपांत स्टोरेज थेट मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेलं, म्हणजे डाग देऊन पक्कं जोडलेलं असतं. गेल्या महिन्यात एका शिक्षिकेचं असंच बंद पडलेलं मशीन आलं, मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्यात. मला काहीच करता आलं नाही. साधी डिस्क असती तर पाच मिनिटांत काढून दुसरीकडे जोडली असती. नवा घेताना आधी एवढं विचाराच: एसएसडी स्क्रू काढून बाहेर येते का?