पाच आठवडे जर्मनी, चार दिवस स्वित्झर्लंड: फोनचं काय करू?

कराडकर:
मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे म्युनिकला निघालोय. मध्ये चार दिवस ल्युसर्न आणि इंटरलाकेन. माझं सिम प्रीपेड आहे, हिचा फोन बराच जुना. पाच आठवडे इथल्या कंपनीचे रोमिंग पॅक घेत राहणं मला झेपणारं नाही. पण पेन्शनच्या खात्याचा ओटीपी याच नंबरवर येतो. आणि गावी आई आहे, वय ८६, तिच्याकडे बटणांचा फोन. संध्याकाळी माझा फोन झाल्याशिवाय ती जेवायला बसत नाही. तो एक दिवसही चुकवायचा नाही.

म्युनिकवासी:
काका, तुमचं सिम काढूच नका. तिकडूनच इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि परत येईपर्यंत पुरेल एवढी व्हॅलिडिटी टाका. इथे उतरल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. ओटीपीचे मेसेज येत राहतात. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी कंपनीला विचारून घ्या. कॉल मात्र उचलू नका, पॅक नसताना त्याचे पैसे लागतात.

नेटसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला, तर तुमच्या फोनमध्ये ई-सिम चालतं. ते घरच्या वायफायवर घालूनच निघा. काकूंना तुमच्या हॉटस्पॉटवर घ्या.

फक्त स्वित्झर्लंड सांभाळा. युरोपियन युनियनमधल्या सिमला युनियनच्या देशांत २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे नाहीत, पण स्वित्झर्लंड त्या युनियनमध्ये नाही. बाबा आले होते तेव्हा झुरिकच्या गाडीत ब्रेगेंझपर्यंत त्यांचं नेट छान होतं, कारण ते ऑस्ट्रिया, म्हणजे युनियनमध्येच. पुढे ऱ्हाईन नदी ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरलो आणि त्यांचं नेट गेलं. स्टेशनवर आमची चुकामूक झाली, वीस मिनिटं मी त्यांना शोधत होते. ती वीस मिनिटं अजून आठवतात. म्हणून ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव स्वतः वाचा.

कराडकर:
ईआयडी दिसला! पण आईचं काय?

म्युनिकवासी:
शेजारी कुणाकडे व्हॉट्सॲप आहे का? वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात आम्ही इथे भारताच्या साडेतीन तास मागे असतो. तिकडे साडेसात म्हणजे इथे चार.

दुबईकर:
विमान दुबईमार्गे असेल तर एक लक्षात ठेवा: इथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. त्या दिवशी आजींशी मुंबईतूनच बोलून घ्या.

कराडकर:
दुबईमार्गेच आहे, बरं झालं सांगितलंत. पुतण्या समोरच राहतो, तो रोज साडेसातला फोन घेऊन आईकडे जाईल. काल रात्री सराव म्हणून इथूनच व्हिडिओ कॉल केला. आईने आधी फोन कानाला लावला, मग मी दिसलो तशी म्हणाली, वाळलास रे.