मदत हवी आहे : हरमल आणि आरंबोल एकच, हे संगणकाला कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात साथरोगांच्या नोंदी ठेवायचं काम करतो. डेंग्यूच्या याद्या जुळवताना नाकी नऊ आलेत.

आयएचआयपीवर (साथरोगांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल) आरोग्यसेविकेचा एस, डॉक्टरांचा पी आणि प्रयोगशाळेचा एल फॉर्म येतो. खाजगी लॅबची यादी मात्र वेगळ्या एक्सेलमध्ये, आणि अळ्यांच्या पाहणीची वही तिसऱ्याच कपाटात. परवा एकच रुग्ण तीनदा सापडला. एकीकडे गाव ‘हरमल’, दुसरीकडे ‘आरंबोल’, तिसरीकडे पत्ता थेट कर्नाटकातला आणि मोबाईल बांधकामावरच्या मुकादमाचा. त्याच नंबरावर आणखी ६ कामगार! नंबरावरून जुळवलं तर सात माणसांचा एक होतो, नावावरून जुळवलं तर एकाचे तीन.

हे निस्तरण्यात ४ दिवस गेले. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात, म्हणजे अळ्या मारायची निम्मी मुदत आमच्या टेबलावरच संपली.

गावाचा सरकारी एलजीडी कोड आहे, पण तो वाड्यापर्यंत (गावातल्या वस्तीपर्यंत) पोचत नाही. आणि डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे आम्हाला वाडाच हवा असतो. वाड्यांची, टोपणनावांसकट, कोडवार यादी कुणी केलीय का? आधी एनएस-१ (आजाराच्या सुरुवातीची रक्तचाचणी) आणि आठवड्याने आयजीएम (नंतरची प्रतिपिंडांची चाचणी) पॉझिटिव्ह आलेला रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तुम्ही किती दिवसांचं अंतर धरता?

रुग्णांची नावं बाहेरच्या संकेतस्थळावर चढवायची नाहीत. एक्सेलमध्येच जमणारं काही असेल तर सांगा.