१९४३ च्या फोर्ड जीपचे पॅकबंद पार्ट मिळताहेत, घेऊ का?

रानवाट:
नमस्कार मंडळी. आजोबांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून (जुन्या मालाच्या विक्रीतून) घेतलेली १९४३ ची फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप, पुन्हा चालती करायची आहे. एका बंद पडलेल्या दुकानाच्या गोदामात मेणकागदात गुंडाळलेला माल निघालाय: कार्टर कार्ब्युरेटर, ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि टी-८४ गिअरबॉक्सचे गिअर. भाव चढा आहे. अस्सल कसे ओळखू? आणि घेतले तर बसवू की तसेच जपून ठेवू?

ग्रीसगन:
पैसे देण्याआधी स्वतःच्या गाडीखाली शिरा. आपल्याकडच्या कितीतरी जीपमधला मूळ टी-८४ काढून नंतरच्या जीपचा टी-९० गिअरबॉक्स बसवलेला असतो. तसं असेल तर ते गिअर तुमच्या उपयोगाचे नाहीत. चासीही बघून घ्या. पुढचा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) गोल पाइपचा असेल तर चासी विलीजची (तीच जीप बनवणारी दुसरी कंपनी), उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्डची.

फोर्डने बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ ठोकलाय, पण कार्ब्युरेटरवर तो शोधत बसू नका. तो कार्टर कंपनीचा, विलीज आणि फोर्ड दोघांनाही तोच. त्यावर ५३९एस या मॉडेल नंबरचा टॅग हवा. आणि नुसत्या ‘एफ’वर विसंबू नका, हल्ली नवे बोल्टही ‘एफ’ घालून बनतात. खोक्यावरचा पार्ट नंबर, पॅकिंगची तारीख आणि आतलं सुकलेलं गंजरोधक ग्रीस, सगळं जुळायला हवं.

माधवी_गॅरेज:
रानवाट, ब्रेकबद्दल कळकळीने सांगते. सिलिंडर कितीही कोरे दिसोत, आतले रबरी कप ऐंशी वर्षांचे आहेत. ते टाकून नवेच घाला. बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरही नको. जुना ब्रेक होज तर फुकट मिळाला तरी बसवू नका. फ्युएल पंप हाती लागला तर डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालणारा घ्या. ग्रीस रॉकेल आणि मऊ ब्रशने निघतं, तारेचा ब्रश लावू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते घासायचं नाही.

जतनकर:
मी संग्राहक म्हणून बोलतो. सीलबंद खोकं एकदा फोडलं की पुन्हा तसं होत नाही. लेबल शाबूत असेल तर कार्ब्युरेटर तसाच ठेवा आणि गाडीत दुरुस्त केलेला जुना घाला.

ग्रीसगन:
जतनकर, इथे माझं मत वेगळं. तो पार्ट गाडीसाठीच बनलाय आणि गाडी दारात उभी आहे. लेबल, खोकं, मेणकागद जपा, फोटो काढा आणि कार्ब्युरेटर बसवा.

रानवाट:
आत्ताच पाहिलं. चासी फोर्डची, पण गिअरबॉक्स टी-९० निघाला. कार्ब्युरेटर घेतो आणि बसवतोच. सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. माधवीताई, खूप आभार.

जतनकर:
मग ते गिअर सोडणार असाल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्या विलीजमध्ये अजून टी-८४ आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या गिअरचे दात गेलेत.